पलक एक

मागाच्या खडखडाटात तीस वर्षं काढलेला माणूस
घरीही ओरडूनच बोलायचा.
त्यामुळे मला वाटायचं, तेलुगू ही ओरडायची भाषा आहे
आणि मराठी हळू, हाताची घडी घालून.

साखर पेठेतल्या शाळेत मी म्हटलं, "बाई, भिंत पडला."
अख्खा वर्ग पडला.
सिरसिल्ल्याला आतेभावाच्या लग्नात म्हटलं, "लगेच वस्ता,"
तर मांडवातल्या बायका पदर तोंडाला लावून,
लगेच! लगेच! म्हणत राहिल्या तीन दिवस.
तेव्हापासून तिकडे मी कमी बोलते.
इकडेही जपूनच.

ताणाबाणा वगैरे म्हणू नका.
मी कांड्या भरल्यात लहानपणी.
तुटलेला धागा तुटलेलाच असतो,
आणि गाठ बोटाला लागते.

विनुता मोबाईलवर कोरियन शिकते.
भात परतताना मोठ्यानं चुकते, हसते, पुन्हा म्हणते.
तिला लाज नाही वाटत,
ती भाषा तिची नाही ना.
मला हेवा वाटला, पोटच्या पोरीचा,
आणि दुसऱ्या दिवशी मी इराबत्ती मास्तरांकडे गेले,
त्रेपन्नाव्या वर्षी,
दुरेघी वही पिशवीत भाजीखाली लपवून.

मराठी अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी, एका रांगेत.
ही तशी नाहीत. प्रत्येक आपापली गोल बसलेली,
दत्त नगरच्या ओट्यावर सुपं घेऊन
विड्या वळणाऱ्या बायांसारखी.
काहींच्या डोक्यावर छोटी खूण असते.
मास्तर म्हणाले, तलकट्टु. म्हणजे डोक्याला बांधलेलं.
मी म्हटलं, माहीत आहे.
नायना टॉवेल बांधायचा तसाच,
दुय्यम मालातला, एका कडेला रंग चुकलेला.

नायनाची वही कपाटात होती, पत्र्याच्या डब्यात,
तो गेल्यापासून.
मला वाटायचं तिच्यात काहीतरी लिहून ठेवलं असेल.
काय, ते विचारू नका.
प्रत्येकालाच असं वाटत असेल, न वाचता येणाऱ्या वहीबद्दल.

बोट ठेवून ठेवून वाचली.
मीठ. रॉकेल. अंबुबाईचे उसने बावीस.
सत्यव्वाची चप्पल.
मग प, डोक्याला फेटा. ल, बोडका. क, पुन्हा फेटा.
पलक, १.

पलक?
मला फक्त हिंदी गाण्यातली पापणी आठवली.
नायनाला पापणी कशाला हवी होती जूनमध्ये?

मास्तरांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"पलक म्हणजे पाटी, अम्मा."

पाटी.
तिच्या लाकडी चौकटीला एक खिळा वर आलेला होता.
तो त्यानं दगडानं ठोकला होता उंबऱ्यावर
आणि ओरडून म्हणाला होता, मराठीत, मोडक्या,
"जा! चांगली शिक!"
मी शिकले.
इतकी चांगली की तिचं नावच मला माहीत नव्हतं.

मास्तरांकडून परतताना आता एसटी स्टँडवरून येते.
हैदराबादची गाडी वाचते.
मग विजयपूरची. ती कन्नड,
पण चुलत बहिणीसारखं तोंड आहे तिचं,
निम्मं ओळखता येतं, निम्मं अंदाजानं.
गाडी सुटली की राहिलेलं राहतं.
हीसुद्धा शिकायची आहे.
कशासाठी, विचारलं तर सांगता येणार नाही.
शेजारच्या शिवलीला हळकुडेंचं
नवऱ्याशी भांडण समजावं म्हणून, असंच म्हणा.

काल त्यांनी गॅलरीतून विचारलं,
"ऊट आयता?"
जेवलीस का, एवढं कळतं. उत्तर द्यायचं ठरवलं होतं
त्यांच्याच भाषेत, पाठ करून ठेवलं होतं दोन दिवस,
आणि तोंडातून निघालं,
"इंका लेदु."

त्या हसल्या नाहीत.
कडक भाकरी आणि शेंगाचटणी
कठड्यावरून इकडे सरकवली
आणि म्हणाल्या, हं, तुमच्यात असं म्हणतात होय,
पुन्हा एकदा सांग बघू, सावकाश.